परडीतलं मलम

"रत्नव्वा, फक्त एवढंच म्हणा, आम्हाला कळलं नाही," डॉक्टरबाई दारातच माझा हात धरून म्हणाल्या. "बाकी मी सांभाळते."

आत सरदेसाई साहेब येऊन बसले होते. पुण्याहून पहाटेच निघाले होते म्हणे. चहा पुढ्यात निवत चालला होता आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता. आमच्या गल्लीतला चहा न पिणारी माणसं मला नवी नव्हती, पण ह्यांनी घेतला नव्हता तो रागानं. एवढा फरक मला कळत होता.

"कळलं न्हाई म्हंजे काय कळलं न्हाई?" मी विचारलं.

"नळ्या कुणाच्या कुठल्या ते. बायका शिकलेल्या नाहीत, खोकी एकत्र ठेवली गेली, सरमिसळ झाली. असं म्हणालात तर साहेब मान्य करतील. पुन्हा नीट समजावून सांगू, पुन्हा सुरू करू. दवाखाना राहील."

"आनि न्हाई म्हटलं तर?"

डॉक्टरबाईंनी माझा हात सोडला. "तर महिनाअखेरीला कुलूप."

ह्याला आता वीसएक वर्षं होऊन गेली. आमची गल्ली कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका शहरात, मालधक्क्याच्या मागं. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. ज्यांना ठाऊक आहे ते दिवसा तोंड फिरवून जातात आणि अंधार पडला की न चुकता येतात. आम्ही बहुतेक जणी यल्लम्माला सोडलेल्या, काही नशिबानं आलेल्या, काही नवऱ्यानं आणून टाकलेल्या.

डॉक्टरबाई यायच्या आधी आम्हाला दवाखाना म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या व्हरांड्यातलं शेवटचं बाकडं. आमची वेळ आली की आतली माणसं आधी नाकाला रुमाल लावायची आणि मग रोग विचारायची. डॉक्टर हेमलता पाटणकरांनी आमच्याच गल्लीत, जुन्या कोळशाच्या वखारीत, दोन खोल्या धुऊन-पुसून दवाखाना थाटला. पहिल्या दिवशी त्या मला "बसा" म्हणाल्या, तेव्हा मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. आतल्या खोलीत पडदा, पडद्यामागं तपासायचं टेबल. त्या टेबलावर चढताना लाज वाटू नये एवढ्यासाठी त्या बाई दर वेळी धुतलेली चादर अंगावर घालायच्या. ज्यांनी आयुष्यभर लाज विकली त्यांच्यासाठी चादर! आम्ही त्यावर खूप हसायचो, आणि चादर मात्र सोडायचो नाही.

दवाखाना चालायचा तो एका संशोधनाच्या जोरावर. एड्सचा व्हायरस बाईच्या अंगात शिरू नये म्हणून एक मलम निघालं होतं. नळीनं आत घालायचं, वर पातळ नेसून बाहेर यायचं. गिऱ्हाईकाला निरोध घाल म्हटलं की निम्मे निघून जायचे आणि उरलेले हात उगारायचे. ह्या मलमाला कुणाची परवानगी लागत नव्हती. आमच्या अंगाच्या बाबतीत आमच्या हातात राहील अशी ती पहिलीच गोष्ट होती, त्यामुळं सगळ्या हरखून गेल्या. मला तर डॉक्टरबाईंनी "सखी" म्हणून कामालाच ठेवलं. बायकांना बोलावणं, नळ्या वाटणं, रिकाम्या नळ्या गोळा करून परत देणं, हे माझं काम.

पहिल्या सभेत डॉक्टरबाईंनी सगळं फोड करून सांगितलं. निम्म्या जणींना औषधाचं मलम मिळणार, निम्म्या जणींना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला कुठलं हे आम्हाला कळणार नाही, त्यांनाही कळणार नाही, खोक्यावर आणि नळीवर नुसता नंबर, कुठला नंबर कशाचा ते पुण्याला कुलपात. निरोध तर वापरायचाच, हे त्यांनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. मंजुळीनं शेवटी एक प्रश्न विचारला, डॉक्टरबाईंनी त्याचं उत्तर दिलं आणि सभा संपली.

ही मंजुळी पंचविशीची, तोंडानं फटकळ, हसली की गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जायची. बिनऔषधाच्या मलमाला "पाण्याची नळी" हे नाव तिनंच ठेवलं. "आज पाण्यानं आंघोळ केली का गं?" असं एकमेकींना विचारून आम्ही खिदळायचो.

आणि मग पावसाळा सरता सरता मंजुळीच्या रक्तात व्हायरस सापडला.

डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावून, दार लावून सांगितलं. बाहेर येऊन ती पायरीवर बसली. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून तिनं भजी मागवली, सगळ्यांना वाटली, स्वतः एक घेतलं आणि हातातच धरून बसली.

"डॉक्टरबाई," ती दाराकडं न बघता म्हणाली, "माजी पान्याची नळी व्हती का औषधाची?"

"मलाही माहीत नाही, मंजुळा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

त्यानंतरचा शुक्रवार आला. शुक्रवारी सुंदरव्वा जोगवा मागायला जायची. सुंदरव्वा गल्लीत सगळ्यांत थोरली, जोगतीण. कपाळभर भंडारा, काखेत यल्लम्माची परडी. लोक दारात आल्या जोगतिणीला नाही म्हणत नाहीत, पण देताना हात आखडतात. कुणाच्या दारात बासमती पडतो, कुणाच्या दारात नुसत्या कण्या. गल्लीत परत आली की सुंदरव्वा ते सगळं त्याच परडीत हातानं कालवायची आणि प्रत्येकीच्या पदरात एकेक ओंजळ घालायची. एकीला नुसता तांदूळ आणि एकीला नुसत्या कण्या, असं तिच्या हातून कधी झालं नाही. जी आजारी असेल, जी भांडून बसली असेल, तिलाही ओंजळ तीच.

त्या शुक्रवारी जोगवा वाटून झाला, आणि तिनं परडी झटकून पुन्हा मधे ठेवली.

"आना गं आपापली खोकी," ती म्हणाली.

कुणी विचारलं नाही, कसली खोकी. सगळ्या उठल्या आणि आपापल्या नळ्या घेऊन आल्या. सुंदरव्वानं त्या परडीत ओतल्या, तांदूळ कालवावा तशा कालवल्या आणि मूठमूठ वाटल्या. तिला स्वतःला त्यातून काही मिळणार नव्हतं. तिच्या अंगात व्हायरस कितीतरी वर्षांपूर्वीच येऊन बसला होता, त्यामुळं तिचं नाव संशोधनात नव्हतंच.

मी पगारी सखी. मी तिथंच उभी राहून थांबा म्हणायला हवं होतं. मी काय केलं? रिकाम्या नळ्या नंबराप्रमाणं लावून जिच्या तिच्या खोक्यात परत भरायचं काम अंगावर घेतलं, कारण मला आकडे वाचता येत होते. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

मग दर शुक्रवारी तेच होत गेलं. उन्हाळ्यात रक्ताची मोठी तपासणी झाली, आणि पुण्याला गोंधळ उडाला. औषधाचा अंश निम्म्या जणींच्या रक्तात सापडायला हवा होता, तो सगळ्यांच्याच सापडला. म्हणून सरदेसाई साहेब आले होते. हे संशोधन त्यांचं होतं.

डॉक्टरबाईंना मी सांगितलं, "जरा घरी जाऊन येतो," आणि तशीच सुंदरव्वाकडं गेले. ती उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती.

कुलूप म्हटल्यावर मला आधी तीच आठवली होती. महिन्यापूर्वी डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर घेऊन तपासलं होतं. गर्भाशयाच्या तोंडाला औषध लावलं की एक पांढरा डाग उमटत होता. अंगात व्हायरस असलेल्या बाईला असा डाग लवकर वाढतो, वाढला की कॅन्सर होतो, आणि आत्ताच गोठवून टाकला तर बहुतेक वेळा टळतो, असं त्यांनी सांगितलं होतं. गोठवायचं यंत्र आलं होतं. त्याला लागणारा गॅसचा सिलिंडर तेवढा यायचा होता. मोठ्या इस्पितळातही हे झालं असतं, पण सुंदरव्वा तिथं एकदा जाऊन आली होती. तिथं तिला सगळ्यांसमोर धंदा विचारला होता. पुन्हा तिथली पायरी चढणार नाही, अशी यल्लम्माची शपथ ती घेऊन बसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. साहेब काय म्हणतात, डॉक्टरबाई काय म्हणतात, कुलूप कधी लागेल.

"म्हंजे येडं व्हायचं," सुंदरव्वा म्हणाली.

"तोंडानं म्हनायचं नुसतं. दवाखाना ऱ्हाईल. तुजा डाग..."

तिनं मिश्रीची पिंक टाकली. "परडी माजी, हात माजा, अन् मला कळलं न्हाई व्हय? उभ्या जल्मात एक गोष्ट मी समजून-उमजून केली रत्ने, बाकी सगळं लोकांनी माज्यासंगं केलं. आनि तीच न्हाई म्हनून सांगू?"

"मग डागाचं काय करायचं?"

"डाग माजा हाय. तुजी जीभ माज्या डागाला बांधू नगंस." ती उठली, तोंड धुतलं, कपाळाला भंडारा लावला. "चल. मीबी येतो."

आम्ही परत आलो तोवर दवाखान्याच्या दारात सगळी गल्ली गोळा झाली होती. मंजुळी खिडकीच्या गजाला धरून उभी होती. मी आत जाऊन साहेबांच्या समोर बसले. डॉक्टरबाई त्यांच्या शेजारी होत्या आणि माझ्याकडं टक लावून बघत होत्या.

"बोला," साहेब म्हणाले. "नळ्या एकत्र कशा झाल्या?"

"आमी केल्या."

"चुकून झाल्या असतील."

"न्हाई साहेब. मुद्दाम केल्या, परडीत कालवून."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कल्पना आहे, तुम्ही काय केलंत? हे मलम उपयोगाचं निघालं असतं तर लाखो बायका वाचल्या असत्या. तुमच्यासारख्याच बायका. आता काहीच कळणार नाही. इतक्या जणांची मेहनत तुम्ही परडीत कालवून टाकलीत."

ते खोटं नव्हतं. ज्या बायकांना मी कधी बघणार नाही त्यांचं काहीतरी आम्ही हिसकावलं होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. पण आत आलेलं रडू मी गिळलं, कारण रडले असते तर त्यांनी त्याचा अर्थ "चुकलो" असा घेतला असता.

"डॉक्टर पाटणकरांनी तुम्हाला नीट समजावलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

आता मला उमगलं, "बाकी मी सांभाळते" म्हणजे काय ते. आम्हाला कळलं नाही म्हटलं असतं, तर न समजावल्याचा सगळा दोष बाईंच्या डोक्यावर जाणार होता. आणि त्यांनी तो घ्यायचं ठरवलं होतं. मला त्यांचा रागही आला आणि त्यांना मिठी मारावीशीही वाटली.

"समजावलं व्हतं," मी म्हणाले. "आजपत्तूर आमास्नी कुनी यवढं नीट समजावलं न्हवतं. सगळं कळलं म्हनून तर केलं. पैल्या सभेत ह्या मंजुळीनं इचारलं व्हतं. मंजुळे, काय इचारलं व्हतंस तू?"

खिडकीतून मंजुळी म्हणाली, "मलम चालतंय का न्हाई, ते तुमास्नी कळनार कसं?"

"आनि डॉक्टरबाईंनी खरं ते सांगितलं, साहेब. म्हनल्या, दोन्हीकडच्या किती जनींना लागन हुतीया ते मोजायचं. औषधवाल्या कमी निघाल्या आनि पान्यावाल्या जास्ती निघाल्या, की मलम चालतंय." मी पदर सावरला. माझा आवाज कापत होता, तो मी कापू दिला. "म्हंजे आमच्यातल्या कुनाला तरी लागल्याबिगर तुमास्नी कळनारच न्हवतं. ते आमी ऐकलं, आनि गप बसलो. पुढं मंजुळीला लागलं. मग आमास्नी गप बसवंना."

"लागण आम्ही केलेली नाही," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "संशोधन नसतं तरी ती झाली असती. उलट आम्ही निरोध दिले, तपासण्या केल्या. जगात सगळीकडे औषध असंच शोधतात."

"आसंल. पर तुमी जगात शोधताय आनि आमी एका गल्लीत ऱ्हातोय. माज्या शेजारनीला पानी मिळतंय आनि मला औषध, हे समजून मी तिच्यासंगं एका ताटात कशी जेवू? कुनाला पानी द्यायचं ते तुमी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. आमाला तसं ठरवता येईना. मग सगळ्यांनी थोडं औषध घेटलं आनि सगळ्यांनी थोडं पानी घेटलं."

"साहेब," मंजुळी गजाला तोंड लावून म्हणाली, "मला तर मोजलंय न्हवं तुमी? मग कुठल्या बाजूला मोजलं तेवढं सांगा. माजं यवढंच मागनं हाय."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं. नियमाप्रमाणं सांगता येणार नाही, असं काहीसं पुटपुटले आणि खाली बघू लागले.

मग त्यांनी मला विचारलं, आणि आता ते खरंच विचारत होते, "मग औषध चालतं की नाही हे शोधायचं तरी कसं? तुम्ही सांगा."

"ते मला ठावं न्हाई. ते काम तुमचं, तुमी शिकलायसा," मी म्हणाले. "पर पुडच्या टायमाला मलम घिऊन येऊ नगासा. आदी हा सवाल घिऊन या, आमच्यात बसा, मग मलम आना. आनि तुमच्या कागदावर काय लिवायचं ते लिवा, फकस्त 'बायकांना कळलं न्हाई' असं लिवू नगासा. कळलं व्हतं. आमी न्हाई म्हनलो."

साहेब उठले. जाताना मात्र तो निवलेला चहा त्यांनी एका घोटात पिऊन टाकला. का ते मला आजवर कळलेलं नाही.

डॉक्टरबाई नंतर माझ्यावर इतक्या चिडल्या की मी कधी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "माझं जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "पण सुंदरव्वाचा तरी विचार करायचा होतात! मान राखला म्हणून डाग जातो का?" त्यानंतर कुलूप लागायच्या दिवसापर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

महिनाअखेरीला टेम्पो आला. फ्रिज गेला, कॉम्प्युटर गेला, पंखा गेला, खुर्च्या गेल्या. हमाल आतल्या खोलीत टेबल उचलायला शिरले, तेवढ्यात सुंदरव्वा आली. ओचा खोचलेला, काखेत परडी. तिनं हमालांना हातानं बाजूला सारलं, परडी खिडकीत ठेवली, आणि स्वतःच्या स्वतः टेबलावर चढून बसली.

"डॉक्टरबाई," तिनं हाक मारली, "ग्यासचा शिलिंडर आला न्हवं? कोपऱ्यात तर उबा हाय."

सिलिंडर दोनच दिवसांपूर्वी आला होता, आता परत जायचा होता. डॉक्टरबाई दारात थिजल्यासारख्या उभ्या राहिल्या. "सुंदरव्वा, दवाखाना बंद झालाय. आता मला इथे काही करायची परवानगी नाही. काही कमीजास्त झालं तर..."

"अजून काय व्हायचं ऱ्हायलंय माजं?"

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. डॉक्टरबाईंनी एकदा बाहेर बघितलं, एकदा सुंदरव्वाकडं. मग त्या दाराशी गेल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "थांबा. पेशंट आत आहे."

पडदा ओढला. चादर कुठल्या तरी गाठोड्यात गेली होती, म्हणून त्यांनी स्वतःची शाल काढून सुंदरव्वाच्या अंगावर घातली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हात धुवा आणि त्यांचा हात धरा." इतक्या दिवसांनी त्या माझ्याशी बोलल्या, ते हे.

यंत्र फुसफुसू लागलं. सुंदरव्वानं माझी बोटं अशी आवळली की बांगडी रुतली. पण तोंडातून कण्हणं आलं नाही. अर्ध्यात ती म्हणाली, "लई गिऱ्हाइकं बगितली डॉक्टरबाई, पर इतकं थंड न्हाई बगितलं."

डॉक्टरबाईंना हसू फुटलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले, आणि हात मात्र जराही हलला नाही.

झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता महिनाभर जपायचं. अंगावरून पाणी जाईल, घाबरू नका. आणि हे पुन्हा उगवू शकतं, तेव्हा दर वर्षी तपासावं लागेल. विसरायचं नाही."

सुंदरव्वा उठलीच नाही. शाल गळ्यापर्यंत ओढून छताकडं बघत म्हणाली, "दर वर्सी बगायचं म्हंताय. मग टेबल कुठं न्हेताय?"

बाहेर टेम्पोवाल्यानं पुन्हा हॉर्न वाजवला, आणि या वेळी बोट उचललंच नाही. पडदा सारून मी बघितलं, तर पायरीवर, दारात, टेम्पोच्या पुढं, गल्लीतल्या सगळ्या जणी फतकल मारून बसल्या होत्या. सगळ्यांत पुढं मंजुळी.

डॉक्टरबाई हात पुसत बाहेर गेल्या. "जा तुम्ही," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या. "बाकीचं सामान मोडकं आहे. टेबल मोडलंय, यंत्रही बिघडलंय. नेऊन काय करणार?"

टेम्पोवाल्यानं पडद्याच्या फटीतून आत बघितलं. मोडक्या टेबलावर सुंदरव्वा पाय पसरून आरामात पडली होती. त्यानं डॉक्टरबाईंकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि मुकाट्यानं गाडी सुरू केली. मला ज्यांनी खोटं बोल म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच शेवटी ते बोलून दाखवलं, आणि मी तोंडाला पदर लावून हसत राहिले.

टेम्पो वळणावर गेला तशी मंजुळी उठली, पातळाची धूळ झटकली आणि आत आली.

"उतर गं म्हातारे," ती सुंदरव्वाला म्हणाली. "डॉक्टरबाई, मलाबी बगा आता. आनि ह्या टायमाला मोजायला न्हाई, तपासायला बगा."

डॉक्टरबाईंनी शाल झटकली आणि तिच्यासाठी टेबलावर नीट अंथरली.